राजानंद यांनी दिलेले तीन तारे

बदनापूर,
नागपंचमीनंतरचा मंगळवार

आदरणीय दाजी,

तुमचा धाकटा मेहुणा रामप्रसाद याचा बदनापूरहून दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा आता काय म्हणतो? ताई सांगत होती की डॉक्टरांनी दिलेली गोळी तुम्ही आधी म्हशीच्या डॉक्टरला दाखवता आणि त्यानं मान हलवली तरच घेता. तसंच चालू द्या, औषधापेक्षा विश्वास महत्त्वाचा. म्हैस बरी आहे ना? इकडे प्रांजली मजेत आहे, मी मजेत असल्यासारखा आहे आणि आज सकाळी आभाळ आठातले सहा भाग झाकलेलं होतं.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. दोनदा फोन लावला होता, पण तुमचा आवाज आला की माझा जायचा, आणि शेवटी मी उसाच्या लागवडीबद्दल विचारून ठेवून द्यायचो (मला उसातलं काही कळत नाही हे तुम्ही दोन्ही वेळा सांगितलंत). विषय एकच आहे. येत्या रविवारी तुम्ही जीप करून कोकणात निघालात, दीपस्तंभावरच्या त्या राजानंदला गाठून माफी मागायला लावणार आहात. निघायच्या आधी या गृहस्थांबद्दल तुम्हाला काही माहिती असलेली बरी. ती मी सावकाश सांगतो, कारण घाईनं सांगितली तर तुम्ही घाईनं रागवाल.

सुरुवात माझ्या नोकरीपासून करावी लागेल. तुम्ही पाहुण्यांना सांगता की आमचा रामप्रसाद आभाळाकडं बघत बसायचा पगार घेतो, आणि ते खरंच आहे. संशोधन केंद्राच्या कुंपणात पांढऱ्या पेटीत तापमापक असतात, एक पाऊस मोजायचं नळकांडं असतं, आणि सकाळ-दुपार मी तिथं उभा राहून वर बघतो. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि ढगांनी त्यातले किती झाकले ते लिहायचं. या कामात एक गंमत आहे. आभाळ कोणाचं पाहुणं नाही, त्यामुळे त्याला भीड नाही. तीन भाग झाकले असतील तर तीनच लिहायचे; शेतकऱ्यांचे डोळे पावसाकडे लागलेत म्हणून कोणी सात लिहीत नाही. असं बघता बघता कधीकधी माझं भान जातं. ढग वाटूरकडून निघतात, आमच्या तुरीच्या रानावरून सावल्या ओढत जातात, आणि मला आमचे आबा दिसायला लागतात, खांद्यावर घोंगडी, पुढं मेंढरं, आणि सगळ्यांच्या वरून ढग. आबा ढगाकडे बघून मुक्काम ठरवायचे. त्याच तंद्रीत मी ते पुस्तक लिहिलं, 'तीन भाग आभाळ'. लिहून कधी झालं ते मला नीट कळलंही नाही.

प्रकाशन तुम्ही बघितलंच. जालन्याचे प्रकाशक प्रितम यांनी भाषण केलं, आणि आपल्या सोयऱ्याधायऱ्यांनी मला इतके टोपी-टॉवेल चढवले की फोटोत माझे फक्त डोळे आहेत (प्रांजली अजून त्यातलेच टॉवेल वापरते आहे). प्रत्येकानं एकेक पुस्तक नेलं. त्यानंतर जी शांतता पसरली तिला तोड नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी सुटीच्या दिवशी बदनापूर स्टेशनावर जाऊन बसायला लागलो. जालन्याला, संभाजीनगरला जाणारी माणसं गाडीची वाट बघत काहीतरी वाचत असतात, त्यांच्यातला एखादा माझं पुस्तक उघडून बसलेला असेल, सातव्या पानावर थांबून वर बघेल, असं मला दिसायचं. अगदी लख्ख दिसायचं. एकदा खरोखरच एका मुलीच्या हातात तसलंच निळं पुस्तक होतं. मी तिच्यामागं पुलाच्या दादऱ्यापर्यंत गेलो. ते तलाठी भरतीचं गाईड निघालं.

प्रितमरावांना विचारलं तर ते म्हणाले की सर, आजकाल पुस्तक चाळून कोणी घेत नाही, ऑनलाइन दुकानात त्याच्याखाली तारे किती आहेत ते बघून घेतात, आणि तुमच्या पुस्तकाखाली तर नुसतं रान मोकळं आहे. हे मी तुमच्या कानावर घातलं, तीच पहिली चूक. तुम्ही त्याच दिवशी सोयऱ्यांच्या ग्रुपवर फर्मान काढलंत. मी जरा कुरकुरलो, की ज्यांनी वाचलं नाही त्यांनी मत कसं द्यायचं, तेव्हा तुम्ही म्हणालात ते मला शब्दशः आठवतं: "अरे रामपरसाद, तारे म्हंजे आहेर असतोय. आहेराची साडी कुनी उलगडून बघतंय का? माईकवर नाव पुकारायचं, साडी ठिवायची अन् जेवाय बसायचं. तुझं काय बी असतंय!"

आहेर आला तो मात्र डोळे दिपवणारा. चाळीसेक जणांनी पाच-पाच तारे दिले. वाटूर फाट्यावरच्या मंडळींनी लिहिलं की पुस्तकास पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा, शुभेच्छुक समस्त मित्रमंडळ. तुमच्या कारखान्यातल्या वसंतानं सवयीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि त्याच्यापाठोपाठ चौघांनी हात जोडले. कचरूमामांना वाटलं की मी केंद्रात नोकरीला म्हणजे हे तुरीचं नवीन वाण असणार. त्यांनी लिहिलं, बियाणे चांगले, उगवण चांगली, मर रोग नाही. बेबीनंदा वहिनींनी लिहिलं की पार्सल वेळेवर आलं, खोका मजबूत आहे, आत काय आहे ते अजून बघितलं नाही (सगळ्यात खरा अभिप्राय हाच). खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दिवसभर मोबाईल उघडून तारे बघत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं तेव्हा लक्षात आलं की एवढ्या गर्दीत माझ्या मेंढरांबद्दल, आबांबद्दल, ढगांबद्दल एकानं एक अक्षर लिहिलेलं नाही. लग्न लागलं, पंगती उठल्या आणि नवरदेवाला कोणी बघितलंच नाही, तसं मला झालं.

मग राजानंद आले. आले म्हणजे, दाजी, मी त्यांना आणलं. आता एक घोट पाणी घ्या. राजानंद असं कोणी नाही. ते मीच.

माझा हेतू वाईट नव्हता. मला फक्त एक वाचक हवा होता, ज्यानं पुस्तक खरंच वाचलंय. तसा मिळेना म्हणून दुपारची नोंद झाल्यावर कुंपणातल्या कडुनिंबाखाली बसून मी एक तयार केला. सोयऱ्यांपासून लांब असावा म्हणून कोकणातला, आणि मी समुद्र कधी पाहिला नाही म्हणून समुद्रावरचा. दीपस्तंभावरून निवृत्त झालेला. तिथला दिवा आता आपोआप लागतो, म्हणून वाचायला वेळ असलेला. एकटाच राहतो, चहा गुळाचा घेतो, बोलतो कमी. त्याच्या खिडकीचं बिजागर वाऱ्यानं वाजतं. बघता बघता तो माणूस माझ्यापेक्षा खरा झाला. त्यानं माझं पुस्तक वाचायला घेतलं, मी शेजारी बसून राहिलो. पहिली चार प्रकरणं त्यानं आवडीनं वाचली. पाचव्याला तो थांबला. मी पाच ताऱ्यांवर बोट ठेवलं, पण मला ते दाबता येईना. चारावर नेलं, तरी नाही. राजानंद हा पाच तारे देणारा माणूसच नव्हता, दाजी. काय करणार, त्याला मीच तसा केला होता. शेवटी त्यानं तीन तारे दिले, नावापुढं 'निवृत्त, दीपस्तंभ, कोकण' असं टाकलं आणि लिहिलं की ढग फार सुंदर आहेत, पण लेखक ढगांच्या आड लपतो; पाचव्या प्रकरणात आई माहेरी जाते आणि दोन पानांत परत येते, तिथं त्याला घाई झाली आहे.

घरी येऊन मी मोठ्या अभिमानानं प्रांजलीला सांगितलं, की चाळीस खऱ्या माणसांनी खोटं लिहिलं, आणि माझ्या एका खोट्या माणसानं खरं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "उद्या आभाळ बराबर लिहा अन् खाली सही दुसऱ्याची करा. चालतंय का बघा." मी जेवायला बसलो. अभिप्राय मात्र खोडला नाही, कारण इतक्या महिन्यांत माझ्या पुस्तकाबद्दल कोणी लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं.

पुढचं तुम्ही घडवलंत. तीन तारे म्हणजे भर मांडवात आहेर परत करणं, असा तुम्ही अर्थ घेतलात. तुम्ही त्याखाली 'कोन रे तू, हिंमत असल तर जालना जिल्ह्यात येऊन दाखव' असं लिहिलंत, आणि बाकीच्यांनी त्यात भर घातली (कचरूमामांनी त्यालाही उगवण क्षमतेचे आकडे दिले). आणि तुम्ही ताईला कामाला लावलंत, की तू सातवी झालेली, वाच ते पुस्तक अन् काढ त्या राजानंदाच्या चुका. माझं पुस्तक तोवर तुमच्या देवघरात होतं. भावाचं पुस्तक म्हणून ताईनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, रोज उदबत्ती ओवाळत होती, आणि देवाला काय उघडून बघायचं म्हणून उघडलं नव्हतं. ते तिनं तुमच्या हुकमावरून खाली काढलं. दाजी, त्या पाठीराख्या मंडळींत पुस्तक वाचलेली ती एकटी. आणि वाचून तिनं राजानंदलाच लिहिलं, फक्त त्यालाच दिसेल असं. ते इथं उतरवतो:

"राजानंदभाऊ, तुमचं खोटं पाडायचं म्हनून वाचाय घेतलं व्हतं. रागच आल्ता. पन तुमचं बराबर हाय. पाचव्यात गडबड झाली त्याची. बाकी आबा लई बराबर उतरला, वाचता वाचता मेंढराचा वास आला. तुमी शिकलेले मानूस, म्हनून इचारते, समुद्रावर आभाळ कुठं संपतंय?"

हे वाचलं तेव्हा मी कुंपणात होतो. दुपारची नोंद घ्यायची मी विसरलो, उशिरा घेतली. तिला उत्तर देणं भाग होतं, आणि उत्तर राजानंदनंच द्यायला हवं होतं. मी समोरच्या रानाकडे बघत बसलो. वारा तुरीवरून सरकत होता, सगळं रान हलत पार क्षितिजाला जात होतं, तेच मी समुद्र म्हणून लिहिलं. लिहिलं की ताई, आभाळ संपत नाही, पाण्यात उतरतं. तिला ते पटलं. मग तिचे प्रश्न येत गेले, राजानंदची उत्तरं जात राहिली. दीपस्तंभ विझवतात का, बोटीवरची माणसं हात करतात का, एकटं राहून करमतं का. मला सगळं दिसत होतं, दाजी. मी बदनापुरात राहत होतो आणि नव्हतोही. भाजी आणायला निघायचो आणि वाळूत पाय रुतल्यासारखा रेंगाळत यायचो. ते दिवस फार सुखाचे होते. माझ्याशी कधी मोकळेपणानं न बोललेली माझी बहीण माझ्याशी बोलत होती. फक्त तो मी आहे हे तिला ठाऊक नव्हतं, एवढंच.

आणि मग राजानंदनं विचारू नये ते विचारलं. पाचव्या प्रकरणात नेमकं काय राहिलं, असं. तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं की आमची आय म्हायेरी गेलीच न्हवती. ती दवाखान्यात होती, अख्खा पावसाळा, आणि आबा अर्धी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तिच्याजवळ बसून होते. "रामपरसाद बारका व्हता, रडून रडून जीव द्यायचा. मंग मीच त्याला सांगून ठिवलं, आय म्हायेरी गेली म्हनून. त्यानं तेच लिवलं. त्याला अजून म्हाईत न्हाई. तुमी लांबचे म्हनून सांगितलं, कुनाला सांगू नका."

दाजी, आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आबाही गेले. हे जगात एकट्या ताईला माहीत होतं, आणि तिनं ते एका नसलेल्या माणसाला विश्वासानं सांगितलं. मी तिला एक शब्द विचारू शकत नाही. फोनवर ती मला जेवलास का विचारते, मी हो म्हणतो, आणि आईबद्दलचं न विचारताच फोन ठेवतो. काय विचारणार? मला हे कळलं कुठून, ते आधी सांगावं लागेल. पाच तारे देणाऱ्यांवर मी हसत होतो. त्यांनी निदान माझ्याकडून काही काढून तरी घेतलं नव्हतं.

बाकी तुम्हाला ठाऊकच आहे. ताईनं राजानंदला भाऊ मानलं, त्याला राखी बांधायचं ठरवलं आणि पत्ता मागितला. मी घाबरून उत्तरच दिलं नाही. तुम्हाला ते ऐकून आयतीच संधी मिळाली. पत्ता नसला तर नसला, दीपस्तंभ ही एवढी उंच वस्तू, किनाऱ्यानं गेलं की दिसणारच, असं म्हणून तुम्ही जीप ठरवलीत. म्हणजे रविवारी एकाच जीपमध्ये तुम्ही त्याची गचांडी धरायला निघणार आणि ताई त्याच जीपमध्ये मांडीवर राखी अन् पेढे घेऊन. कोणत्याही दीपस्तंभावर कोणीही म्हातारा भेटला आणि नको म्हणाला नाही, तर काय होईल याचा विचार करून माझी दोन दिवसांची आभाळाची नोंद थोडी हललेली आहे (पुन्हा बघून दुरुस्त केली).

सविस्तर लिहिलं, उणंअधिक झालं असेल तर मेहुणा म्हणून पोटात घाला. म्हशीला एक पेंढी माझ्या नावानं जास्त. गुडघ्याला उतार पडो.

तुमचा,
रामप्रसाद बिरू

ता. क. जीप रद्द करा, एवढीच विनंती आहे. मी सोयऱ्यांना सांगून सगळे पाच तारे काढायला लावणार आहे, राजानंदचे तीनही मी काढतो. पुस्तकाखाली पुन्हा रान मोकळं होईल, होऊ द्या. ताईला यातलं काही कळू देऊ नका. तुम्ही शब्दाचे पक्के, काहीतरी सांगून वेळ मारून न्या. राजानंद यांची बदली झाली म्हणा.

पुन्हा ता. क. निवृत्त माणसाची बदली होत नाही, हे आत्ता लक्षात आलं. बदलीचं सांगू नका.

आणखी एक. ताई, दाजींचा चष्मा कारखान्यात राहतो आणि घरात आलेलं प्रत्येक पत्र तूच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतेस, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. तुझ्या डोळ्याला डोळा देऊन सांगायची हिंमत नव्हती, म्हणून दाजींच्या नावानं लिहिलं. आता दाजी काहीतरी ओरडत असतील, त्यांना ओरडू दे. राजानंद मीच. माझं पुस्तक खरं वाचलं ते तू, आणि तुलाच मी खोट्या नावानं फसवलं, याची मला लाज वाटते. तू त्याला जे सांगितलंस ते मी भिंतीआडून ऐकावं तसं ऐकलं. ते मला परत एकदा सांगशील का, मला, रामपरसाद म्हणून हाक मारून? आई कोणत्या खाटेवर होती, पाऊस आत येत होता का, तिनं माझं नाव काढलं होतं का, सगळं. जीप रद्द करू नको. दीपस्तंभावर कोणी नाही, पण समुद्र आहे, आणि आपण दोघांनीही तो बघितलेला नाही. मी शनिवारीच येतो, दाजींच्या शिव्या घरीच खाऊन घेतो. घाट लागला की ते झोपतात. तेव्हा सांग.